जुनंच माप

नका, ताई, तो बूट त्या फर्म्यावर चढवून बघू नका — चढायचा नाही. ठेवा खाली. बसा आधी, स्टूल जरा डुगडुगतं, भिंतीकडे सरकवा. तर तुमच्या प्रदर्शनातलं कार्ड. काचेच्या पेटीत त्या नटीचा हा पांढरा जोड, शेजारी तिच्या पावलांचे हे लाकडी फर्मे, ज्यांवर बूट बेततात ते, आणि खाली कारागिराचं नाव — कोणाचं, असं विचारलंत. दुकानाचं घाला की. दुकान म्हणजे मी. धाकट्या भावाचं कशाला? कुणी सांगितलं? त्या मेकअपवाल्या म्हातारीनं? अजून आहे ती? असो.

तशी नटी पुन्हा झाली नाही, हे सगळेच म्हणतात, मी वेगळं काय सांगू? पडद्यावर ती जिना उतरायला लागली की सगळं थेटर तिच्या डोळ्यांकडे बघायचं — आणि आम्ही दोघं भाऊ पायांकडे. एकतिसाव्या वर्षी गेली. हे काय जायचं वय? सात वर्षं आमच्याकडे यायची. आली की माझ्याशी हसून बोलायची, मुलांची चौकशी करायची, अगदी नावानिशी — आणि मग विचारायची, धाकटे आहेत ना? आता मला सांगा, दाराशी स्वागताला मी, खुर्ची पुसून देणारा मी, सुटाबुटातला मी. तो आतून यायचा, हाताला सरसाचा वास, तोंडात खिळे, बोलणं शून्य — आणि तिचं पाऊल त्याच्या मांडीवर. मी दुकानातल्या मधल्या पडद्याबाहेर. एकदा म्हटलं, अरे, गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलावेत, तर म्हणतो, दादा, खिळे गिळले जातील. आमची ही म्हणायची, दुसऱ्यांच्या बायका त्या नटीवर जळतात, माझा नवरा मेला भावावर जळतो. जळतो कसला! व्यापारी माणूस मी, जळून माल विकला जातो का?

हा जोड मी घेतलेल्या मापाचा. हो, मी. त्या दिवशी तिनं नेहमीप्रमाणे विचारलं, धाकटे? मी म्हणालो, बाहेर गेलाय. आणि आतून हातोडी चाललेली — ठक, ठक. तिनं आतल्या दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गुपचूप खुर्चीत बसली. मोठ्या मनाची बाई, खोटं बोलणाऱ्याची लाज राखली. मी गुडघे टेकले, पट्टी काढली. पाऊल सुजलेलं. घोट्यापाशी अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला. तर ती वाकली, अगदी माझ्या कानाशी, आणि म्हणाली, “वहीत जुनंच माप लिहा हं.” झालं. अख्ख्या जगात ही गोष्ट मला एकट्याला माहीत — धाकट्याला नाही, मला! सूज उतरेल, औषध चालू असेल, असं मी धरून चाललो. गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. जुना आकडा लिहिला, धाकट्याला पत्ता लागू दिला नाही, पलीकडच्या गल्लीतल्या कारागिराला तोच आकडा देऊन नव्या फर्म्यावर जोड करून घेतला. शिवण बघा, नख लावायला जागा नाही.

आठव्या दिवशी तिचा ड्रायव्हर खोका घेऊन परत. पाय आत जात नाही म्हणाला. त्या संध्याकाळच्या समारंभाला ती घरातल्या सपाता घालून गेली — तुमच्याकडे तो फोटो असेल, कमरेपर्यंतचाच छापलाय, का ते आता कळलं? पुन्हा आली नाही. अडीच महिन्यांत गेलीच.

खोका धाकट्याच्या हाती लागला. त्यानं बूट बघितला, वही बघितली, आणि फळीवरून हे फर्मे काढून माझ्यापुढे ठेवले. तुम्हीही हात फिरवा — इथे, वरच्या अंगाला. चामड्याचा तुकडा चिकटवलाय ना? त्यावर दुसरा. त्यावर तिसरा. दोन वर्षं त्याला ठाऊक होतं. ती वही स्टुडिओतले कपडेवाले येऊन चाळायचे, आकडा वाढलेला दिसला असता तर आजाराचा गावभर बोभाटा, हातची कामं गेली असती. म्हणून वहीत दर वेळी जुनंच माप, आणि फर्म्यावर एक तुकडा जास्त. मी ज्याला माझं गुपित समजत होतो ते त्या दोघांचं शिळं बोलणं होतं, ताई. ओरडला नाही. तोंडातले खिळे काढून तळहातावर घेतले आणि म्हणाला, “दादा, तिनं लिहायला सांगितलं होतं. करायला नाही.” त्यावर तीस वर्षं आम्ही याच छपराखाली काम केलं, तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही. काढला असता तर भांडता तरी आलं असतं. गेल्या वर्षी गेला.

काय? त्याला कळवायचं मला कसं सुचलं नाही? सुचायचं कशाला — तिनंच सांगितलं होतं. मघाशी मी तुम्हाला अर्धं सांगितलं. “वहीत जुनंच माप लिहा हं,” आणि पुढे, “धाकट्यांना सांगा, त्यांना कळेल.” माझ्या कानाशी वाकून, आणि तेव्हाही त्याचंच नाव. म्हणून तेवढं मी ऐकलं नाही. आमच्या हिलासुद्धा आजवर ठाऊक नाही.

पेन द्या इकडे. हं — हे त्याचं नाव. नीट वाचता येतंय ना? कार्डावर एवढंच घाला, दुकानाचं नको. फर्मे न्या. बूट राहू द्या, ते तिचे नव्हेतच. लोक वाकून नाव वाचतील, म्हणतील, याच्या मांडीवर तिचं पाऊल असायचं. वाचू देत. अक्षरं फार मोठी काढू नका म्हणजे झालं.

नाही, उद्घाटनाला मी येणार नाही. दार ओढून घ्या जाताना.