धुतलेली गांडुळं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर दाटीवाटीने विराजमान झालेले मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती धनराजभाऊ, आणि पंख्याखालच्या जागा धरून बसलेल्या कॉलनीतल्या बंधू-भगिनींनो,

मी मुश्ताक पेंटर. बल्लारपुरातल्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या. 'कार्यसम्राट', 'निसर्गमित्र', 'भूमिपुत्र' ही विशेषणं मी तीस वर्षं रंगवत आलो, त्यामुळे ती ऐकून माझ्या अंगावर काटा येत नाही. मागच्या पडद्यावरचं 'गांडूळखताचे जनक' हेही माझंच अक्षर. जनक म्हणे! निदान गांडुळांना तरी विचारायचं.

धनराजभाऊ उद्या कायमचे मुलाकडे नागपूरला निघालेत. त्यांच्याबद्दल मी दोन चांगले शब्द बोलावेत असा समितीचा आग्रह आहे. शोधतोय. सापडेपर्यंत एक हकीकत सांगतो.

ही खताची विद्या कॉलनीत आणली कोणी? शेवटच्या रांगेत मनकर्णाबाई बसल्या आहेत, त्यांनी. अकरा वर्षांपासून त्यांच्या मागच्या अंगणात जुन्या कूलरची टाकी आहे. खाली नारळाच्या शेंड्या, त्यावर शेण, भाजीची देठं, आणि वरून कूलरचीच वाळ्याची ओली ताटी. आपल्या उन्हाळ्यात माणसं भाजून निघतात, पण बाईंची गांडुळं कधी दगावली नाहीत. दिवसातून तीनदा हात घालून त्या ओल बघायच्या. आणि याच भाऊंनी कॉलनीचे अध्यक्ष या नात्यानं त्यांना नोटीस दिली होती. घाण होते, साप येतात, टाकी हटवा.

मग तालुक्याची परसबाग स्पर्धा जाहीर झाली आणि भाऊंना एकाएकी घाण आवडू लागली. दोन दिवसांकरता म्हणून टाकी त्यांनी आपल्या वऱ्हांड्यात नेली. 'धनराजभाऊ यांचा घरगुती गांडूळखत प्रकल्प' अशी पाटी लागली. ती मी रंगवली. टाकी कोणाची हे मला ठाऊक होतं, तरी हात थांबला नाही.

आता खरी विद्वत्ता ऐका. परीक्षकांना किळस येऊ नये म्हणून भाऊंनी सगळी गांडुळं चाळणीत घेऊन साबणाच्या पाण्यात धुतली. धुऊन पांढऱ्या ताटलीत मांडली. परीक्षक खूश, पहिला नंबर, फोटो. तिसऱ्या दिवशी टाकी परत आली, तीही घासूनपुसून. वर भाऊ म्हणतात, "बाई, टाकी चकाचक करून देल्ली तुमची. आता तरी साफ ठेवत जा."

बाईंनी सवयीनं आत हात घातला. एकही गांडूळ जिवंत नव्हतं. मी शेजारचं फाटक रंगवत होतो. नवरा गेला तेव्हा ही बाई चारचौघांत रडली नव्हती, त्या दिवशी रडली. आम्ही सगळे शहाणे बघत राहिलो.

बाईंच्या अंगणातल्या एका कुंडीच्या मातीत पाच-सहा गांडुळं उरली होती. त्यांच्यावर दीड वर्ष घालवून बाईंनी टाकी पुन्हा भरली. आणि आज? छापील पत्रिकेतला सातवा मुद्दा बघा. 'मनकर्णाबाईंच्या हस्ते धनराजभाऊंना गांडुळांची बादली सप्रेम भेट.' नागपूरच्या गच्चीवर नवा प्रकल्प करायचा आहे म्हणे. बाईंना कोणी विचारलं? पत्रिका हातात पडली तेव्हा त्यांना कळलं. माइकसमोर बोलायची त्यांना सवय नाही, म्हणून उत्तर माझ्याजवळ दिलं. त्यांच्याच शब्दांत सांगतो.

"त्यायले म्हणा, एक बी नाई देत मी. धुवाचाच शौक असन त घरचे भांडे धुवा."

तेव्हा सातवा मुद्दा रद्द समजावा. बादली रिकामी आहे, भाऊंना हवी तर न्यावी.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलं, आभारी आहे. काही कमी-जास्त बोललो असेन तर समितीनं पोटात घालावं. पाटीची माफी मात्र समितीकडून नको. ती मी मनकर्णाबाईंकडे मागतो आहे, दोन वर्षं उशिरा, आणि त्यांनी नाही म्हटलं तरी माझी तक्रार नाही.