मागाच्या खड्ड्यातलं पाणी

मव्हं माहेर लिंबागणेशाच्या अंगाला, आन् मला दिली शिरूर कासारच्या बाजूला. बापाची मेंढरं व्हती, सासरी मेंढरं आन् घोंगड्याचा माग. मी लोकर पिंजायची, सूत कातायची, मालक विणायचे. आमचा माग खड्ड्याचा, ताई. जमिनीत कमरंइतका खड्डा, मालक त्याच्या काठावर बसायचे पाय आत सोडून, पायानं खालच्या फळ्या दाबायच्या आन् हातानं सुताचा धोटा आडवा फेकायचा. घराच्या मागं पत्र्याचं शेड, तिथंच सारं. तीस वर्सं मी त्या धोट्याच्या आवाजावर भाकरी थापल्या, आवाज थांबला की समजायचं, आता मालक पाणी मागतेत.

तुमी म्हणताल शिरूरला पाऊस कुठाय. न्हाईच. पण जो काय येतो त्यो आपल्याच शेडात येतो, आसं मालक म्हणायचे. मागं टेकाड हाय, त्याचं सारं पाणी उतरून भिंतीला लागायचं, वरून पत्र्याची पागोळी बी तिथंच, आन् श्रावणात खड्ड्याच्या बुडातून पाणी वर यायचं, घोट्याइतकं. मालकांनी काय कमी केलं का. डब्यानं उपसलं, आतून शिमिट लावलं, तर बुडातून यायचं थांबलं आन् बाजूनं भेग पाडून आलं. शेवटी तसंच पाण्यात पाय सोडून विणायचे. बोटाच्या बेचक्यात चिखल्या, पाय पांढरेफटक, गुडघे धरलेले. मी सांजच्याला हळद-तेल लावायची, म्हणायची, आवो चार म्हयने ऱ्हाऊ द्या की माग, तर म्हणायचे, गिऱ्हाईक थंडीच्या आधी मागतं, तव्हा कुठून आणू. आन् हसायचे. लई हसरा मानूस, काय सांगू तुमाला.

एका उन्हाळ्यात छातीत कळ आली, बीडला न्हेस्तोवर गेले.

माग तसाच ऱ्हायला. चार पावसाळे खड्डा भरला, आटला, खालच्या फळ्या कुजल्या. भावकीतले म्हणाले, बुजवून टाक, शेळ्या बांध तिथं. मी हो म्हणायची आन् बुजवायची न्हाई. कावून ते मला बी सांगता येत न्हवतं. भाकरी करताना कान तिकडंच लागायचे.

आमची एकच लेक, सोजर. दिलेली वडवणीला. जावयासंगं ऊसतोडीला जाती, आन् उन्हाळ्यात रस्त्याच्या कामावर. त्या साली चैतात आलती, शेडात जाऊन बापाच्या जागंवर लई येळ बसली, आन् बाहेर येऊन म्हणाली, माय, आबाचं चुकलं. मला असा राग आला. म्हणलं, गेलेल्या माणसाच्या चुका काढायला आलीस का. तर शांतपणी म्हणाली, आबा आत आलेलं पाणी काढत बसले. पाणी बाहेरून येतं, त्याला बाहेरच वाट द्यावी लागती. रस्त्याच्या कडंला आमी दुसरं काय करतो.

मग सुरू झालं बघा. आरपार दिसणाऱ्या नळीत पाणी भरलं, एक टोक मह्या हातात, एक तिच्या, आन् दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत ऱ्हातं, त्यावरून उतार कुठं कसा ते बघितलं. टेकाडाच्या बाजूनं शेडाला धरून चर खांदला, वळवून खाली ओढ्यापस्तोर न्हेला. मी म्हणलं, भर आता काय बी. ती म्हणाली, काय बी न्हाई. ओढ्यातून गोटे आणले, चाळणी लावली, तीन ढीग केले, एक नारळाएवढा, एक बोराएवढा, एक ज्वारीएवढा. मोठे खाली, मधले त्याच्यावर, बारीक सगळ्यात वर. म्हणलं, दगड त्यो दगड, येवढं कशाला चाळायचं. तर म्हणाली, मोठ्याच्या फटीतून पाणी पळतं, आन् वर बारीक आसलं की माती खाली उतरत न्हाई, न्हाई तर दोन पावसात चर चोंदून जाईल.

मव्हा जीव उतावीळ. ती बाजाराला गेलती तव्हा मी चराच्या एका कोपऱ्यात न चाळताच गोट्यांच्या पाट्या ओतल्या, मातीसकट. आठ दिसांत वळीव आला आन् बरोबर त्याच कोपऱ्यात पाणी तुंबलं. सोजरनं पाटी घेतली आन् तेवढा चर पुन्हा उपसायला लागली. मी चाळणीपाशी जाऊन बसले, तव्हा कुठं हसली. हसणं बापाचंच हाय तिचं. मग भिंतीलगत मुरूम ठोकून घट्ट बसवला, बाहेरच्या अंगाला उतार दिला, नव्या फळ्या बसवल्या, आन् ती गेली वडवणीला.

श्रावणात तीन दिस झड लागली. तिसऱ्या दिशी मी कंदील घेऊन खड्ड्यात उतरले. हात लावला बुडाला. धूळ लागली हाताला, ताई. बाहेर चरातून पाणी खळखळ चाललंय आन् आत धूळ. दोन बायांचं पंधरा दिसांचं काम, गोटे ओढ्यातले, फुकटचे. आन् मालक तीस वर्सं पाण्यात. कुणी सांगितलंच न्हाई आमाला, कुणाला ठावंच न्हवतं. त्या दिशी मी काठावर बसून ऱ्हायले, पाय आत सोडून, सांज होस्तोवर.

आता मीच विणते. कुणी शिकवलं न्हाई, बघून बघून आलेलं. काठ वाकडा जातो मव्हा, मालक असते तर उसवायलाच लावलं असतं. सोजर दर चैताला येती, वरची बारीक खडी काढून धुती, पुन्हा पसरती, दोन दिस ऱ्हाती आन् जाती. तिला म्हणते, बाई, तुव्हे हातपाय चांगले ऱ्हावेत, दुसरं काय मागू. पण मनातलं सांगू का, मला त्यांना एकदा, एकदाच, कोरड्या पायानं तिथं बसलेलं बघायचं व्हतं. आता ते कुठून व्हायचं.

बसा तुमी, च्या झालाय, घेऊन जा. उजेड हाय तवर मी वीतभर विणून घेते.