डस्टी कुठे बसणार

खोक्यातली कोंबडी मांडीवर घेऊन नोरीन जनावरांच्या डॉक्टरकडे नंबराची वाट पाहत होती. समोर मेंढ्या पाळणारं म्हातारं जोडपं होतं. त्यांचा म्हातारा कुत्रा डस्टी सकाळी उभ्याउभ्या कोसळला होता. म्हाताऱ्याचं, मर्व्हचं, बूड काही बाकाला टेकत नव्हतं.

"बस की रे मर्व्ह, फरशी झिजेल."

"केव्हाचा आत नेलाय, ग्लेनिस!"

"आत्ताच सुई टोचायला नेलाय. डॉक्टरीण मघाशी तपासून म्हणाली ना, मेंदूचं काही नाही. कानात बिघाड आहे, म्हणून तोल जातोय. हळूहळू चालेल."

"चालेल. पण मेंढ्या वळेल?"

"जन्मभर त्यानंच वळल्या. आता तू वळ."

"माझ्या बापानं एकही कुत्रा डॉक्टरला दाखवला नाही. आपलं जनावर आपल्या हातानं संपवायचं, म्हणायचा."

"म्हणूनच सकाळी बंदूक काढलीस ना? पाहिलं मी खिडकीतून. मग झाडली का नाहीस?"

"अगं, बंदूक बघून त्याला वाटलं, सशांच्या शिकारीला निघालोय. शेपटी हलवत गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात चढायला लागला. पडला, उठला, परत पडला. शेवटी मीच उचलून चढवला."

"आणि?"

"आणि काय? चढवल्यावर कुठंतरी न्यायला नको?"

दार उघडलं. मान वाकडी करून, भिंतीला अंग घासत डस्टी बाहेर आला.

"मर्व्ह, मागं उघड्यावर नको हं, घरंगळेल."

"मग पुढं घे, तुझ्या पायाशी."

"तिथं तुझी बंदूक आहे. येताना सारखी गुडघ्याला लागत होती."

मर्व्हनं कुत्र्याला उचललं.

"ती जाईल मागं."