ताईंची मूठ

नणंद – पण पेटी बांधून का ठेवलीयेस? उद्या सराव आहे ना तुझा?

वहिनी – बांधली नाही. नुसती बंद केलीय. तो हँगर दे इकडे.

नणंद – वहिनी, तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून तुला ओळखते मी. तू नुसतं म्हणून काही करत नाहीस. पेटीला सुतळी आहे, सुतळीला गाठ आहे आणि गाठीवर फुलासारखी आणखी एक गाठ आहे. कोणाचा वाढदिवस आहे?

वहिनी – ताई येतायत आत्ता. त्यांची बंदूक त्यांना परत देणार आहे.

नणंद – काय?

वहिनी – ओरडू नकोस. मशीनवर रेशमी कापड आहे.

नणंद – कापडाला काय कान आहेत? परत देणार? नेमबाजीचा अख्खा क्लब त्या एअर रायफलसाठी ताईंच्या मागे लागला होता. त्यांनी सगळ्यांना वाटेला लावलं आणि तुला दिली. आणि रविवारी संघाची निवड आहे, तिथे काय सुई-दोरा घेऊन उभी राहणार आहेस?

वहिनी – निवडीला जातंय कोण? क्लबची जुनी बंदूक आहे, हौसेपुरती ती पुष्कळ झाली मला. तिच्यावर बरं चाललं होतं माझं. नऊ, दहा, नऊ. हिच्यावर सात, आठ, परत सात. काल एक छर्रा तर पार कागदाच्या कडेला जाऊन बसला. शेजारच्या मुलीने विचारलं, काकू, हा तुमचाच ना?

नणंद – मग बंदुकीतच काहीतरी बिघडलं असेल.

वहिनी – जीभ आवर. या बंदुकीने ताईंनी काय नेमबाजी केलीय ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांचा तो जाडजूड कोट शिवून द्यायला गेले होते क्लबवर. द्यायचा आणि परत यायचं, एवढंच काम. ताई उभ्या होत्या. अगं, श्वास घेतायत की नाही तेसुद्धा कळत नव्हतं. आणि छर्ऱ्यामागून छर्रा त्याच एका भोकातून पलीकडे. दुकान उघडायचंच विसरले मी त्या दिवशी.

नणंद – आणि पुढच्याच आठवड्यात क्लबात नाव घातलंस. दादाला वाटलं, हिला वेड लागलं.

वहिनी – त्याला अजून तसंच वाटतं.

नणंद – मान का धरलीयेस?

वहिनी – काही नाही गं, अवघडलीय.

नणंद – बंदुकीने?

वहिनी – माझ्या उभं राहण्याने. बंदुकीचं सगळं जिथल्या तिथे आहे. गालपट्टी, खांद्याला टेकते ती पट्टी, मूठ. प्रत्येकावर ताईंनी नेलपॉलिशची लाल रेघ मारून ठेवलीय. मी रेघेला रेघ जुळवून ठेवलीय, सुताचाही फरक नाही. एवढं सगळं ताईंसारखं असून मला जमत नसेल, तर दोष कोणाचा?

नणंद – थांब, थांब. म्हणजे हे सगळं पुढेमागे करता येतं?

वहिनी – सगळं. स्क्रूच स्क्रू आहेत.

नणंद – आणि तू एकही फिरवला नाहीस?

वहिनी – ताईंच्या खुणा मी मोडू?

नणंद – अगं ताई केवढ्या, तू केवढी! त्या तुझ्या दुकानाच्या दारातून वाकून आत येतात. तुला वरच्या फळीवरचं रीळ काढायला स्टूल लागतं. माझ्याकडे गाडी शिकायला माणूस आला ना, की मी क्लच-ब्रेकचं नावही काढत नाही. आधी सीट पुढे घे, आरसा वळव. परवा एक आजोबा आले. संकोचापायी सीट हलवलीच नाही. पाय ब्रेकला पोचेना, तर म्हणतात, मला मेलं काही येतच नाही. तू त्या आजोबांच्या वरताण आहेस.

वहिनी – गाडीची गोष्ट वेगळी.

नणंद – आणि कोटाची? लोक नवेकोरे, महागातले कोट घेऊन येतात, आणि तू टराटरा बाह्या उसवून टेबलावर टाकतेस. तेव्हा नाही कचरत तू.

वहिनी – कोट अंगासाठी असतो.

नणंद – आणि ही काय कपाटासाठी असते?

वहिनी – दार वाजलं. आता तू गप्प बस. मी सांगेन त्यांना माझ्या पद्धतीने.

ताई – येऊ का?

नणंद – या ना ताई. वहिनी तुमची बंदूक परत देतेय.

वहिनी – वन्सं!

नणंद – तू पद्धत शोधेपर्यंत रविवार उजाडला असता.

ताई – मला वाटलं, कोटाचं बटण लावून झालं म्हणून बोलावलंस.

वहिनी – बटणही लावलंय. ताई, रागावू नका. तुम्ही एवढ्या विश्वासाने दिलीत, आणि माझ्या हातात तिची माती होतेय. कोणीतरी तिच्या तोलाचं बघून द्या.

ताई – आधी सुतळी सोड.

वहिनी – ताई, ऐका तर.

ताई – ऐकतेय. सोडता सोडता बोल. नळीत रिकामी असल्याच्या खुणेची दोरी आहे?

वहिनी – आहे. केशरी. रिकामी आहे, टाकीतली हवापण काढलीय.

ताई – माझ्या डोळ्यांनी बघू दे. हं. रिकामी. आणि हे काय गं? खांदापट्टी अजून इथेच? गालपट्टीपण? तू हिला हातच लावला नाहीस?

वहिनी – शप्पथ ताई, एवढंसुद्धा हलवलं नाही. तुमच्या रेघेवर आहे सगळं.

ताई – दिव्याखाली धर. किती रेघा दिसतात?

वहिनी – एक. ही ठळक. आणि… हिच्या खाली पुसट एक आहे. अजून एक. अगं बाई, ही तर भरलीय रेघांनी! मला वाटलं, लाकडावर ओरखडे आहेत.

ताई – पट्टी हलवायच्या आधी मी रेघ मारायचे. नवी जागा नाहीच मानवली, तर जुनीवर परत येता यावं म्हणून. इथे ठेव, असं नाही सांगत ती रेघ. इथून निघाले, एवढंच सांगते.

नणंद – मग ही ठळकवाली?

ताई – शेवटची. खांदा दुखायचा तेव्हाची. तो वाचवायला मी सगळं वेडंवाकडं करून ठेवलं होतं. तिथूनही हलवायचं म्हणून रेघ मारली, आणि मग हलवायच्या ऐवजी पेटीच बंद केली. बाई गं, तू माझं दुखणं मापाने अंगावर चढवून उभी राहिलीस.

वहिनी – मग देताना सांगितलं का नाहीत मला?

ताई – तुला सांगायचं? मी तुला कोटाचं फाटलेलं अस्तर शिवायला दिलं होतं. नुसतं अस्तर. घरी जाऊन घातला, तर उजवा खांदा अर्ध्या बोटाने उतरवलेला. न विचारता.

वहिनी – तुमचा तो खांदा खाली पडत होता, म्हणून… कोट ओढला जायचा.

ताई – मी कोणाला बोलले नव्हते. घरीसुद्धा नाही. स्वतःशीदेखील नाही. तू मला दारातून आत येताना एकदा बघितलंस आणि तुला कळलं. कोट घालून आरशासमोर उभी राहिले आणि रडले मी, सांगते तुला. म्हणून बंदूक तुझ्याकडे आली. वाटलं, ही बाई पहिल्याच दिवशी हिला सगळी उसवून टाकेल.

नणंद – मी मघापासून हेच सांगतेय, पण नणंदेचं ऐकतं कोण!

ताई – किल्ली कुठाय?

वहिनी – शिवणाच्या डब्यात. टाचण्यांखाली. पण ताई…

ताई – आधी रेघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, रेघेवर ठेव. नेलपॉलिश आहे का?

नणंद – माझ्या पर्समध्ये आहे. जांभळं चालेल?

ताई – जांभळं उत्तम. माझ्यात मिसळायला नको. मार तुझी तू. हां, अशी. आता समोरच्या भिंतीवर खडूने एक टिंब काढ, आणि उभी राहा. नणंदबाई, तुम्ही माझ्यामागे या. रिकामी असली तरी नळीसमोर उभं राहायचं नाही.

नणंद – आले. गाडीपुढेही मी कधी उभी राहत नाही, शिकणारे असले की.

ताई – उचल. पोट आत घेतलंस.

वहिनी – सवयीने झालं.

ताई – मला काय म्हणाली होतीस माप घेताना? मापासाठी उभ्या राहू नका…

वहिनी – जशा असता तशा राहा.

ताई – मग राहा. डोळे मीट. मान सैल सोड. गाल टेकेल तिथे टेकू दे. आता उघड डोळे. नेम धरायच्या मागच्या भोकातून काय दिसतं?

वहिनी – काहीच नाही. भोक खाली राहिलंय. मी रोज मान वाकवून तिथवर नेते.

ताई – म्हणून ती अवघडली. डोकं बंदुकीकडे न्यायचं नसतं, बंदूक डोक्याकडे आणायची. खांदापट्टी खाली उतरव, म्हणजे बंदूक वर येईल. आणि आत घे. हात माझ्याएवढे लांब नाहीत तुझे.

नणंद – सीट पुढे!

वहिनी – ऐकलं गं, ऐकलं. फिरव तू तो स्क्रू. अजून. बास. थांब, जरा मागे. गालपट्टी किंचित बाहेर. आता बघते. डोळे मिटले. उघडले. अय्या.

ताई – काय?

वहिनी – टिंब आलं. आपलं आपण आलं समोर. मी काहीच केलं नाही.

ताई – तेच तर करायचं असतं. आता हात सांग. मूठ कशी बसते?

वहिनी – छान बसते.

ताई – खरं सांग.

वहिनी – अंगठ्याच्या बुडाशी कात्रीचा घट्टा आहे ना माझ्या, नेमका तिथे उंचवटा लागतो. ट्रिगर दाबायच्या वेळी हात आपोआप सरकतो. पण ते जाऊ द्या, ते मी सोसेन.

ताई – मूठ काढ स्क्रू सोडून. कानस आहे?

वहिनी – कात्रीची आहे, पण नाही ताई. हिला नाही. स्क्रू उलटे फिरतील, रेघेवर परत येता येईल. हे घासलं की गेलं. हा खळगा तुमच्या अंगठ्याचा आहे. तुम्ही बनवलेली मूठ आहे ही.

ताई – हो. लाकडावर थापलेलं लुकण ओलं होतं, ते सुकेपर्यंत मुठीत धरून बसले होते. आईने तेवढा वेळ घास भरवले आणि घासागणिक बोलणी खाल्ली मी.

वहिनी – बघा! आणि त्यावर मी कानस फिरवू? अहो, एवढी मोठी मूठ जगात एखाद्याच्याच हाताला…

ताई – दे ती कानस. मीच फिरवते.

नणंद – अगंबाई, केली की सुरुवात!

वहिनी – ताई, ताई! असं नाही! मधलं जाईल ना सगळं! खूण न करता कोणी कापतं का? द्या इकडे. द्या म्हणते ना. वन्सं, माझा खडू. तो निळा. हे बघा, आधी तळहाताला खडू चोळायचा. सगळीकडे. बोटांच्या पेरांनाही. आता मूठ धरायची, जशी बंदुकीवर धरते तशीच, आणि सोडायची. बघा. जिथे निळं उमटलं तिथे टोचतंय. तेवढंच काढायचं. बाकीच्याला हात नाही लावायचा.

ताई – हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

वहिनी – काखेत तंग होतं तिथे आम्ही असंच शोधतो. कागद घ्या खाली, भुकटी पडेल. वन्सं, मूठ घट्ट धर. हलवलीस तर बघ.

नणंद – ताई, एक विचारू? कानस तुम्ही मुद्दाम वेडीवाकडी धरली होती ना?

ताई – श्श. बाई कामात आहे.

(कानशीचा आवाज. मधून मधून खडू, पुन्हा कानस.)

वहिनी – खळगा गेला ताई.

ताई – दिसलं मला.

वहिनी – वाईट वाटतंय?

ताई – वाटतंय की. चांगलंही वाटतंय. तुझा हात बघत होते मी. कानशीचा एकही फेरा फुकट गेला नाही. मी इतकी वर्षं नेम धरला, पण माझ्याच लाकडाला एवढ्या मायेने कधी हात लावला नव्हता. पॉलिशपेपर मार आणि बसव.

वहिनी – बसवली.

ताई – उचल. डोळे मीट. उघड.

वहिनी – टिंब समोर आहे. मान सरळ आहे. हात… ताई, हात कुठे आहे तेच कळत नाहीये. हलकी झाली का हो ही?

ताई – वजन तेवढंच आहे.

नणंद – मग रविवारी जायचं ना?

वहिनी – ती सुतळी गुंडाळून डब्यात टाक. कामाला येते.

नणंद – असं सरळ हो म्हणायला काय होतं तुला!

ताई – मला दे बघू जरा. मूठ धरून बघते.

वहिनी – घ्या ना. तुमचीच आहे.

ताई – हं.

वहिनी – काय झालं? टोचते?

ताई – टोचते.

वहिनी – कुठे?

ताई – सगळीकडे.