अकरा महिन्यांच्या धड्यांची हार्ड डिस्क

मी, वय ५९ वर्षे, व्यवसाय निवृत्त शिक्षिका, राहणार पतीच्या चष्म्याच्या दुकानावरचा मजला, आज सोमवार ता. ११ रोजी सकाळी १०.४० वाजता पोलीस ठाण्यात पतीसोबत स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर पतीसोबत राहते. पती चाळीस वर्षे चष्मे बनवतात. मी अंध विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी पाठ्यपुस्तके मोठ्याने वाचून आवाजात नोंदवते. गेले अकरा महिने मी मागच्या खोलीत, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीला गादी लावून, दहावीचे इतिहास आणि विज्ञान मिळून एकेचाळीस धडे वाचले. सहा विद्यार्थी त्यावर अवलंबून आहेत. परीक्षा सव्वीस दिवसांवर आली आहे.

हे सर्व धडे एकाच हार्ड डिस्कवर होते. दुसरी प्रत का नव्हती, असे साहेबांनी विचारले. हाच प्रश्न मला शनिवारपासून जो तो विचारतो आहे. चुका काढून सगळे एकदम द्यायचे, असे मी ठरवले होते. जन्मभर मुलांना कच्ची वही वेगळी ठेवा म्हणून बजावले आणि स्वतः ठेवली नाही. हे लिहून घ्यावे आणि पुन्हा विचारू नये.

सोमवार ता. ४ रोजी संध्याकाळी डिस्कमधून टिकटिक आवाज येऊ लागला व ती संगणकावर दिसेना. मी ती कपाटात ठेवली. मंगळवारी मी दिवसभर वसतिगृहात होते. बुधवारी ता. ६ रोजी मी ती बंद पडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या कारागिराच्या दुकानात दिली. त्याने पावतीवर 'टिकटिक आवाज, डिस्क दिसत नाही' एवढेच लिहिले.

शनिवारी ता. ९ रोजी दुपारी त्याने मला बोलावून सांगितले की, आतल्या तबकड्या कशाने तरी घासल्या गेल्या आहेत आणि काही हाती लागण्याची आशा फार थोडी. पुढे म्हणाला, "ताई, ही आधीच कुणीतरी उघडलेली आहे." म्हणजे बिघडवायची त्याने आणि खापर फोडायचे माझ्या घरावर. माझ्या घरात मी आणि माझे पती, तिसरे कुणी नाही. मी त्याला चारचौघांत लबाड म्हटले. चोरही म्हटले. पती माझ्या शेजारी उभे होते. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते.

सबब माझी हार्ड डिस्क नासवून वर खोटे बोलल्याबद्दल मी तक्रार देण्यास आले. लिहिणाऱ्या हवालदारांनी प्रथम 'डिस्क खराब झाली' असे लिहिले होते. ती आपोआप झालेली नाही, केलेली आहे, म्हणून मी ते खोडून 'नासवली' असे करायला लावले.

येथपर्यंत सांगून झाल्यावर साहेबांनी कारागिराला बोलावून घेतले. तो ११.३० वाजता आला. कोणतीही डिस्क उघडण्यापूर्वी झाकणाचा फोटो काढायचा, अशी त्याच्या कामाची पद्धत आहे. तो फोटो त्याने फोनवर मोठा करून दाखवला. शनिवारी दुकानातही तो दाखवू पाहत होता, तेव्हा मी त्याचा फोन हाताने बाजूला सारला होता. हेही लिहावे.

फोटोत झाकणाचे सहा स्क्रू दिसतात. प्रत्येकावर एकेक चकचकीत थेंब सुकलेला आहे. कारागीर म्हणाला, हा कसला डिंक ते मला उमगले नाही. मला उमगले. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू ढिला होऊ नये म्हणून बसवल्यावर त्यावर रंगहीन नेलपॉलिशचा थेंब सोडतात. माझे पती चाळीस वर्षे सोडत आले आहेत. माझ्या नाकावरच्या चष्म्यालाही दोन थेंब आहेत. मी चष्मा काढून साहेबांच्या टेबलावर फोटोशेजारी ठेवला.

मी पतीकडे पाहिले. ते म्हणाले, "मीच उघडली. मंगळवारी. आत आरशासारखी तबकडी होती, तिच्यावर डाग होता. भिंगाच्या फडक्याने पुसला."

कारागिराने कपाळाला हात लावला. त्या तबकडीवर बोटाचा ठसासुद्धा चालत नाही, असे त्याने सांगितले.

पती पुढे म्हणाले, "तू वसतिगृहातून यायच्या आत नीट करून ठेवावी म्हटलं. तुला आनंद झाला असता." त्यावर मी जे बोलले ते जबाबात घेऊ नये, असे मी सांगितले आहे. हवालदारांनी लिहिणे थांबवले होते.

मला राग पुसल्याचा नाही. चाळीस वर्षे काच दिसली की पुसणारा हात, तो तिथेही पुसणारच. राग याचा आहे की, शनिवारपासून आजपर्यंत त्यांनी मला एका सरळ माणसाला चोर म्हणू दिले आणि पोलीस ठाण्याची पायरी चढू दिली. रिक्षात तर, कागदपत्रे घेतलीस ना, असेही विचारले. याला काही कलम लागते का, असे मी साहेबांना विचारले. लागत नाही म्हणाले. लागायला हवे.

कारागिराविरुद्ध माझी तक्रार नाही. झाकण आधीच उघडलेले दिसत असताना त्याने ते पावतीवर लिहायला हवे होते, एवढी त्याची चूक आहे. मी त्याची सर्वांसमक्ष माफी मागितली. त्याने ती नको म्हटले, पण मी मागितली. पतीने वरचीच बाजू पुसली असल्याने खालून तुटक काही मिळाले तर पाहतो, असे तो म्हणाला. डिस्क मी त्याच्याकडेच परत दिली आहे.

एकेचाळीस धडे सव्वीस दिवसांत एकट्या गळ्याने होणार नाहीत. पती म्हणाले, "भिंगांचा धडा मी वाचू का?"

जबाब हवालदारांऐवजी पतीने मोठ्याने वाचून दाखवावा, अशी मी विनंती केली व साहेबांनी ती मान्य केली. पतीने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. स्वतःबद्दलच्या मजकुराशी ते दोनदा थांबले, पण एकही ओळ गाळली नाही. आवाज बारीक आहे, उच्चार स्पष्ट आहेत. भिंगांचा धडा त्यांना देण्यास माझी हरकत नाही. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.