कुंपणाबाहेर उभे राहण्याविषयी

सकलगुणमंडित, ट्रेलरस्वामी, सहस्रवृक्षरोपक, टिंकर्स क्रीक भूमिसेवक मंडळाचे सदैव बिनविरोध (कारण दुसरे कोणी उभेच राहत नाही) अध्यक्ष आणि आजच्या समारंभाचेही अध्यक्ष, श्री. नेव्हिल कॉकरन, आपल्या प्रभागाच्या नगरसेविका, रस्त्यांवरील खड्ड्यांच्या अधिष्ठात्री आणि काचेच्या चौकटीतील सन्मानपत्राच्या आजच्या प्रदात्री, श्रीमती लॉरेल मॅकआल्पिन, अग्निशमन दलाचे स्वयंसेवक, जे या सभागृहात आग नसताना प्रथमच आले आहेत, सॉसेजभर्जनकलेत निष्णात असे बोलिंग क्लबचे बंधू, चहाच्या मोठ्या किटलीच्या अखंड अधिपती, श्रीमती जोसी पापालिया, सभागृहात सोडू नयेत असा ठराव गेल्याच सभेत संमत झाला असूनही पहिल्या रांगेत विराजमान झालेली ती दोन कुत्री, आणि जिच्यासाठी आपण सर्वांनी भर उन्हाळ्यातल्या डिसेंबरच्या या उकाड्यात इस्त्रीचे कपडे परिधान केले आहेत, ती आजची उत्सवमूर्ती, विल्मा ट्रेगेन्झा.

सर्वप्रथम, ज्या भूमीवर आपण उभे आहोत तिच्या मूळ राखणदारांना, जाजा वुरुंग लोकांना आणि त्यांच्या ज्येष्ठांना मी वंदन करतो. हे वंदन आपण प्रत्येक सभेच्या आरंभी करतो. आज ते करताना माझा आवाज खाली गेला असेल, तर कृपया ध्वनिक्षेपकाला दोष देऊ नये.

मी डेस्मंड क्विल्टर, या मंडळाचा उपाध्यक्ष. मुख्य रस्त्यावर माझे औषधांचे दुकान आहे, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांच्या पाठदुखीशी माझा वैयक्तिक परिचय आहे. भाषणाची जबाबदारी माझ्यावर का आली, हे वेगळे सांगायला नको. गावात कोणतीही फीत कापायची असो, पाटी लावायची असो वा कोणाला पुरायचे असो, चार भारदस्त वाक्ये रचण्यासाठी लोक माझ्याकडे येतात. या कौशल्याचा मला अभिमान होता. होता, असे मी म्हणालो. ते कसे, ते ओघात येईलच.

विल्माबाईंचा परिचय करून देण्याची प्रथा आहे म्हणून देतो. शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात आपल्या मंडळावर प्रवृत्त झाल्या. ओढ्याकाठचे ब्लॅकबेरीचे रान त्यांनी आपल्याकडून उपटवून घेतले. आज तिथे बाभळी आणि गवते आहेत, आणि ज्यांचे नाव उच्चारताना माझी कवळी हलते अशा देशी मधमाश्या आहेत. त्यांची शिकवण्याची पद्धत आपण सर्वांनी सोसली आहे. एकदा मी एक रोप उलटे लावले. मुळे वर, शेंडा खाली. मी चष्मा विसरलो होतो, हा माझा बचाव. विल्माबाईंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, “डेस, तू औषधाच्या बाटल्यांवर लेबलं स्वतःच लावतोस का रे?” त्यानंतर त्या महिनाभर औषधे शेजारच्या गावाहून आणत होत्या.

आता त्या जात आहेत. गुडघ्यांनी असहकार पुकारला आहे आणि टास्मानियातील बर्नी येथे त्यांच्या धाकट्या बहिणीच्या घराशेजारचे घर, ज्याला एकही पायरी नाही, रिकामे झाले आहे. उद्या सकाळी त्या निघतील.

इथपर्यंत हे भाषण कोणत्याही निरोप समारंभातील भाषणासारखे आहे. इथेच थांबून टाळ्या घ्याव्यात, असा मोह मला होतो आहे. परंतु अध्यक्षमहाराज, आपण दोघांनी ठरवले आहे की आज ते सांगायचे. श्रीमती मॅकआल्पिन यांना ते ठाऊक नाही, आणि त्यांच्या हातातील सन्मानपत्रावर ‘अधिवासाचे आदर्श संवर्धन’ असे शब्द छापलेले आहेत. ते देण्यापूर्वी त्यांनी हे ऐकावे.

जुन्या खाणीमागच्या उतारावर तारेच्या कुंपणातला एक तुकडा आहे. दोन टेनिस कोर्टांएवढा. त्यात काटेरी बर्सारियाची खुरटी झुडुपे आहेत, सुकलेल्या काटक्या आहेत, उघडी माती आहे. पाहणाऱ्याला वाटावे, मंडळाला या जागेचा विसर पडला. वस्तुतः ती विल्माबाईंच्या साऱ्या श्रमांची गाभ्याची जागा. तिथे एक लहानसे ताम्रपंखी फुलपाखरू राहते, अंगठ्याच्या नखाएवढे. आपल्या आसमंतात ते दुसरीकडे कुठेही उरलेले नाही. त्याची अळी दिवसभर झुडपाच्या बुंध्याशी, मुंग्यांच्या वारुळात दडून असते. अंधार पडला की मुंग्याच तिला राखणीखाली वर पानांवर चरायला नेतात आणि पहाटेपूर्वी परत आणतात. गुराख्याने गुरे न्यावीत तशी. या साऱ्या व्यवहाराला लागते ती उघडी माती आणि मुंग्यांना ये-जा करता येईल असे एक भोक. म्हणून त्या तुकड्यासाठी विल्माबाईंचा एकच नियम होता. तो त्या दर वार्षिक सभेत सांगत: “तिथं काही करायचं नाही. तण दिसलं तर मला सांगा. मी बघेन.”

बंधुभगिनींनो, या मंडळाला जगातील कोणतेही काम सांगा. भर उन्हात खड्डे खणायला सांगा, चिखलात कंबरेपर्यंत उतरायला सांगा. आपण करू. काहीही न करण्याचे काम मात्र आपल्याला कधीच जमले नाही. आपल्या हातात फावडे नसेल तर आपल्याला अपराधी वाटते. आणि आपल्या या धर्माचे मुख्य उपासनाद्रव्य कोणते, तर लाकडाच्या ढलप्या. मोकळी माती दिसली की तिच्यावर ढलप्यांचा वीतभर थर दिल्याखेरीज आपल्याला अन्न गोड लागत नाही.

सप्टेंबरात विल्माबाई घर पाहायला बर्नीला गेल्या. नेव्हिलच्या मनात आले की त्या परत येण्यापूर्वी त्यांच्या लाडक्या तुकड्याचे रूप पालटून त्यांना चकित करावे. सूचना मांडली गेली आणि जिला अनुमोदन देण्यासाठी हात वर करता करता एकमेकांचे चष्मे पडले, अशी ती मंडळाच्या इतिहासातील पहिलीच सूचना ठरली. शनिवारी श्रमदान ठरले. अहो, किती लोक आले. फुटबॉल संघ आला, चर्चची मंडळी आली, ज्यांना आपण नावानेही ओळखत नाही ते आले. सुक्या काटक्या काढल्या, झुडुपे छाटून गोलाकार केली आणि सगळीकडे ढलप्यांचे आच्छादन अंथरले. मधोमध लाल नीलगिरीच्या लाकडाचा बाक ठेवला, त्यावर पितळी पाटी. पाटीवरचा मजकूर या गरिबाचा होता.

आणि एका व्यक्तीला ते आठवले. एकाच. जोसी हातात दंताळे घेऊन थांबली आणि म्हणाली, “थांबा जरा. विल्मा इथं हात लावू नका म्हणायची ना? मातीचं काहीतरी होतं. मुंग्यांचं.”

सगळे थांबले. हे आपल्याला आठवत असेल. नेव्हिलने माझ्याकडे पाहिले, कारण प्रश्न तत्त्वाचा होता आणि तत्त्वाचे खाते माझ्याकडे असते. मी टोपी सारखी केली आणि म्हणालो, “जोसी, स्पर्श न करणे आणि उपेक्षा करणे यांतला भेद विल्मा जाणते. ही कृतज्ञतेची पाखर आहे.” कोणीतरी वाहवा म्हणाले. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. जोसी लाल झाली, म्हणाली, “मग ठीक आहे, तू म्हणतोस तर,” आणि दंताळे ओढू लागली.

मी काय बोललो होतो, याचा अर्थ मला तेव्हाही ठाऊक नव्हता आणि आताही नाही. त्या वाक्याला अर्थच नाही. त्याला केवळ वजन आहे. मुंग्यांच्या दारावर ठेवता येईल इतके.

विल्माबाई बुधवारी परतल्या. आम्ही त्यांना डोळे मिटायला सांगून तिथे नेले. होय, श्रीमती मॅकआल्पिन, डोळे मिटायला सांगून. मी आणि नेव्हिलने त्यांचे एकेक कोपर धरले होते. डोळे उघडल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. आम्ही समजलो, गहिवरल्या. मग त्यांनी विचारले, “किती जण आले होते?”

नेव्हिल छाती फुगवून म्हणाला, “चाळीस तरी असतील.”

“चाळीस,” त्या म्हणाल्या. “मी बोलवायची तेव्हा चार यायचात.”

मग त्यांनी गुडघे टेकले. ते गुडघे, ज्यांच्यासाठी त्या गाव सोडत आहेत. आणि पहिल्या झुडपाच्या बुंध्यापासून ढलप्या एकेक करून हातांनी उचलायला सुरुवात केली. नेव्हिलने काही न समजता फावडे घेतले. त्यांनी वळूनही न पाहता सांगितले, “ठेव ते. दोघंही बाहेर व्हा. बुटाखाली काय येतंय ते तुम्हाला कळत नाही.”

आम्ही बाहेर झालो. दुसऱ्या दिवशी बातमी पसरली आणि आपल्यापैकी बरेच जण आले. हातमोजे, घमेली, ढकलगाड्या घेऊन आले. विल्माबाईंनी कोणालाही आत घेतले नाही. घेतले ते जोसीला, तेही अनवाणी. ऑक्टोबर संपेपर्यंत त्या दोघी रोज सकाळी तिथे बसत, आणि या गावातील धडधाकट, उत्साही, दानशूर माणसे कुंपणाबाहेर उभी राहून दोन वृद्ध स्त्रियांना ओणवे होऊन काम करताना पाहत असत. जोसी, तुला वृद्ध म्हटले याबद्दल मी नंतर चहाच्या वेळी शिव्या खाईन. मी आयुष्यात अनेक ठिकाणी उभा राहिलो आहे. कुंपणाबाहेर उभे राहण्याइतका दमलो कधीच नाही. कोणी आम्हाला रागावले असते तर किती बरे वाटले असते. विल्माबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आमच्याकडे पाहिलेच नाही.

एकदा न राहवून मी तारेपाशी गेलो आणि क्षमायाचनेचे भाषण सुरू केले. दोनच वाक्ये झाली असतील. त्या म्हणाल्या, “डेस, सावली पडतीय तुझी.” मी बाजूला सरकलो. सावली नेली, भाषण तिथेच राहिले.

आता मूळ प्रश्न. ते फुलपाखरू उरले आहे का? झुडुपे फुलली आहेत आणि त्याचा उडण्याचा हंगाम सुरू होऊन दोन आठवडे झाले आहेत. विल्माबाई काल संध्याकाळपर्यंत तिथे जात होत्या. काल मी त्यांच्या दारात उभा राहिलो. या भाषणात शेवट काय करायचा ते मला ठरवायचे होते, असे मी त्यांना सांगितले. ते खोटे होते. मला झोप येत नाही, हे खरे होते. मी विचारले, “विल्मा, एक तरी दिसलं का?”

त्या खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. ती दातांनी तोडून म्हणाल्या, “दिसलं असतं तरी तुला सांगितलं नसतं.”

“का?”

“तू सगळ्यांना सांगशील. मग सगळे बघायला याल. आनंद झाला म्हणून याल. आणि नसलं, तर दुःख झालं म्हणून झाडं लावायला याल.”

मी टोपी काढली. त्यांनी मला आत बोलावून चहा दिला, बिस्किटे दिली. ते अधिकच कठीण गेले. निघताना त्यांनी सांगितले की कुंपणाच्या फाटकाची किल्ली जोसीकडे दिली आहे. तिथे काय आहे आणि काय नाही, ते जोसीला ठाऊक असेल. ती सांगणार नाही. मी आज सायंकाळी तिच्या चेहऱ्यावरून काही कळते का ते पाहिले. ती केक कापत होती. चेहऱ्यावर केक कापणाऱ्या स्त्रीचा भाव होता.

तेव्हा मंडळाच्या वतीने, ठराव न करता, मी एवढेच जाहीर करतो: या उन्हाळ्यात आणि पुढच्याही उन्हाळ्यात आपल्यापैकी कोणीही तिथे जाणार नाही. मदतीला नाही, पाहायला नाही, पश्चात्तापासाठीही नाही. आपल्याला चैन पडणार नाही. पडू नये. ज्यांचे हात फारच शिवशिवतील त्यांनी आपापल्या घरची भांडी घासावीत.

जोसी, त्या शनिवारी तू बरोबर होतीस आणि मी नुसता सुरेल होतो. इथे, सर्वांसमोर, मी तुझी क्षमा मागतो. विल्मा, तुझी क्षमा मागण्याची मला अनुमती नाही, म्हणून मी फक्त बाजूला सरकतो. तुझ्यावर माझी सावली पडू नये.

श्रीमती मॅकआल्पिन, सन्मानपत्राचे काय करायचे ते आपण आणि विल्माबाईंनी ठरवावे. आपण सर्वांनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतलेत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, एखादी उपाधी कमी पडली असेल किंवा, जे अधिक संभवते, जास्त झाली असेल, तर चूक उदार मनाने पदरात घ्यावी.

जाता जाता एक सूचना. तो बाक तिथून काढून आणला, पण त्याच्या पाटीवर विल्माबाईंचे नाव आणि माझा मजकूर असल्याने तो कोणी घरी नेईना, टाकेना आणि त्यावर बसेना. तूर्तास तो सभागृहाच्या मागच्या मार्गिकेत, स्त्रियांच्या प्रसाधनगृहाच्या दाराला लागून ठेवला आहे, आणि दार अर्धेच उघडते. गेले पाच आठवडे मी सभागृहाच्या व्यवस्थापकांना सांगतो आहे. ते म्हणतात, मंडळाला सांगा. मंडळ म्हणते, नेव्हिलला सांगा. नेव्हिल म्हणतो, ट्रेलरचे चाक पंक्चर आहे. तेव्हा भगिनींनी कृपया तिरपे होऊन आत जावे, आणि बाहेर येताना आधी डावा खांदा काढावा.