नितीनच्या मागचं अस्वल

अगं, परवा काय झालं ऐक. माझा धाकटा भाऊ नितीन कॅनडात पार उत्तरेला नोकरीला गेलाय ना, तिथे हायवेला लागून एक तळं, एक पेट्रोल पंप आणि दहा-बारा घरं, एवढंच गाव. आमचा ठाकुर्लीला सकाळचा चहा होतो तेव्हा तिकडे संध्याकाळ असते. त्याने व्हिडिओ कॉल केला आणि तळ्याकडे पाठ करून म्हणाला, "ताई, बघ, किती शांत आहे!"

तेवढ्यात त्याच्या मागे, काठावरच्या झाडीतून अस्वल बाहेर आलं.

ओरडले असते तर तो घाबरून पळाला असता. कसाबसा आवाज काढला. "नितीन, गाडी कुठेय?"

"ही काय, बाजूलाच."

"हळूच आत बस. मागे बघू नकोस. पळू नकोस."

माझा चेहरा बघून तो तसाच गाडीत शिरला. दार लागलं, फोन बहुतेक खाली पडला, स्क्रीन काळी. मग काचेवर नखं घासल्याचा आवाज.

बऱ्याच वेळाने तो कुजबुजला, "गेलं ते. ताई, आईला काही सांगू नकोस हं."

मी वळले तर आई माझ्या पाठीशीच उभी, तोंडावर पदर दाबून. म्हणाली, "त्याला म्हणावं, काच एवढ्यात खाली करू नकोस."